कापडाची उलटी बाजू

दरवर्षीप्रमाणे यंदाही 'ट्रॅडिशनल डे'ची नोटीस लागली आणि आमच्या ग्रुपमध्ये एकच चर्चा सुरू झाली - काय घालायचं? मेकॅनिकलला आम्ही मुली मोजून सहा. त्यामुळे जे घालू ते अख्ख्या डिपार्टमेंटला दिसणार! मी तर कॅन्टीनमध्ये जाहीरच करून टाकलं, "मी किमोनो जॅकेट शिवणार. तेही पैठणीचं!"

आयडिया माझ्या मते भन्नाट होती. मी दीड वर्ष जपानी भाषा शिकते आहे, त्यामुळे किमोनोवर आपला थोडाफार हक्क आहे असं मला वाटायचं. आणि बेगडेवाडीला आमच्या घरी, आजीच्या ट्रंकेत, एक जुनी नऊवारी पैठणी पडून होती. घड्यांवर विरली होती म्हणून कुणी नेसत नव्हतं. विरलेली म्हणजे निकामी, असं माझं साधं लॉजिक. नेटवरून जॅकेटचा पॅटर्न काढला, शिंपीकाकांना दाखवला, आजीला विचारलं. आजी म्हणाली, "ने." बस्स, कात्री लावायचीच बाकी होती.

ती कात्री त्या पॅटर्नवरून का फिरली नाही आणि त्या निमित्ताने मला दोन कापडांनी काय शिकवलं, ते या लेखात सांगणार आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत एवढं मोठं लिहायची ही माझी पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलंय, तरीही काही चुकलं तर सांभाळून घ्या!

गाडीच्या आधी माग

आमचा जपानीचा क्लास शिवाजीनगरला असतो. शनिवारी बेगडेवाडीहून लोकल पकडायची आणि देहूरोड, आकुर्डी, चिंचवड करत खिडकीत बसून कांजी पाठ करत जायचं. जॅकेटसाठी खरा किमोनो एकदा बघावा म्हणून मी सेन्सेईंना (म्हणजे आमच्या बाईंना) विनंती केली होती. त्या जपानमध्ये राहत असताना त्यांच्या घरमालकीण आजींनी त्यांना एक जुना किमोनो भेट दिला होता. तो घेऊन त्या आल्या.

पण पिशवी उघडण्याआधी त्यांनी प्रश्न टाकला, "जपान म्हटलं की काय आठवतं?" उत्तरं ठरलेलीच - टोयोटा, बुलेट ट्रेन, कायझेन आणि मागच्या बाकावरून 'डोरेमॉन'!

"टोयोटाची सुरुवात कशापासून झाली?" त्यांनी विचारलं. सगळे गप्प. उत्तर होतं - कापड विणायच्या मागापासून! साकिची तोयोदा हे सुताराचे चिरंजीव. धागा तुटला की आपोआप थांबणारे माग त्यांनी बनवले. १९२४ साली त्यांचा 'जी टाइप' हा पूर्ण स्वयंचलित माग आला आणि १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्याच्या पेटंटचे हक्क विकत घेतले. पुढे त्यांचा मुलगा किइचिरो गाड्यांकडे वळला. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरला आपण जे 'जिदोका' घोकतो - चूक झाली की मशीनने स्वतःच थांबायचं - त्याचं मूळ या तुटक्या धाग्यात आहे. मी तो प्रश्न परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिला होता. कापडाशी त्याचा संबंध त्या दिवशी पहिल्यांदा जुळला.

आठ तुकडे, वळण एकही नाही

मग किमोनो उलगडला. 'किमोनो' शब्दाचा अर्थ अगदी साधा - अंगावर घालायची वस्तू. मी टेप घेऊन तयारच होते. बाहीची गोलाई किती, खांद्याचा उतार किती, हे मोजून पॅटर्नवर मांडायचं होतं. मोजायला गेले तर गोलाईच नाही! सगळे तुकडे सरळ, लांब आयत.

किमोनोचं कापड मुळात अरुंद विणतात. पन्हा साधारण ३६ ते ३८ सेंटीमीटर आणि लांबी साधारण १२ मीटर. या एका ताग्यातून एका मोठ्या माणसाचा किमोनो निघतो. ताग्याचे आठ तुकडे करतात : अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढे एकावर एक येणाऱ्या पट्ट्या दोन, कॉलर आणि कॉलरवरची जास्तीची पट्टी. अंगाचा प्रत्येक तुकडा पुढून खांद्यावरून मागे सलग जातो, म्हणून खांद्यावर शिवण नसते. गळ्यालासुद्धा गोल भोक नाही, फक्त सरळ चीर. जास्तीचं कापड कापून टाकत नाहीत, शिवणीच्या आत दुमडून ठेवतात. उंची जास्त झाली तर कमरेला घडी घालून वर घेतात. म्हणजे माप माणसाप्रमाणे बदलतं, कापड तसंच राहतं.

"पण असं का?" मी विचारलं. सेन्सेईंनी सांगितलेलं कारण मला फार आवडलं. पूर्वी रेशमी किमोनो नीट धुवायचा तर तो चक्क उसवायचे. आठही तुकडे टोकाला टोक जोडून पुन्हा ताग्यासारखी एक लांब पट्टी करायची, ती धुवायची, खळ देऊन ताणून वाळवायची आणि परत किमोनो शिवायचा. या पद्धतीला 'आराइहारी' म्हणतात. उसवलेलाच आहे, तर घासलेली बाजू आत घ्यायची, नाहीतर लेकीच्या मापाने शिवायचा. फारच जुना झाला तर लहान मुलाचा कपडा, मग अस्तर, मग गादीची खोळ. कापड सरळ कापलेलं असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावर पुढचा रस्ता उघडा राहतो.

आपल्याला 'डिझाइन फॉर डिसअसेम्ब्ली' ही नवीन कन्सेप्ट म्हणून शिकवतात. म्हणजे वस्तू अशी बनवा की ती नंतर उघडता येईल. किमोनो शिवणाऱ्या बायका हेच सुई-दोऱ्याने करत होत्या! आणि माझ्या पॅटर्नमध्ये? मुंढ्याला वळण, गळ्याला वळण, कमरेला वळण. एकदा कापलं की संपलं.

पुसट कडा म्हणजे चूक नव्हे

आता त्या किमोनोची नक्षी. जांभळ्या आणि पांढऱ्या रंगात बाणाच्या पिसांची रांग, वरपासून खालपर्यंत. या नक्षीला 'यागासुरी' म्हणतात. सुटलेला बाण परत येत नाही, म्हणून नवरी मुलीला ही नक्षी शुभ मानायचे - सासरी गेली, आता परत येऊ नये! (हे ऐकून क्लासमधल्या आम्ही सगळ्या मुलींनी 'वाऽऽ' असं ओरडून निषेध नोंदवला.) गंमत म्हणजे, मेइजी काळाच्या अखेरीस आणि तैशो काळात, म्हणजे १९०० नंतरच्या पहिल्या पंचवीस वर्षांत, शाळेत जाणाऱ्या जपानी मुलींचा हाच जवळजवळ ओळखीचा वेश झाला. अंगात यागासुरी किमोनो आणि खाली घेरदार 'हाकामा'. सासरी पाठवायची नक्षी अंगावर घालून मुली शिकायला बाहेर पडल्या.

मी जवळून बघितलं तर पिसांच्या कडा पुसट होत्या, थोड्या थरथरल्यासारख्या. मी शहाणपणा केला, "प्रिंट हललंय वाटतं." सेन्सेई हसल्या. तो छापलेला नव्हताच. कापड तयार व्हायच्या आधी धागेच रंगवलेले होते!

या कापडाचं नाव 'मेइसेन'. त्याची रीत अशी : आधी ताण्याचे (उभे) रेशमी धागे ओळीने लावायचे. ते हलू नयेत म्हणून त्यांत विरळ-विरळ कच्चे आडवे धागे घालायचे. मग स्टेन्सिल ठेवून नुसत्या ताण्यावर नक्षी रंगवायची. नंतर ते मागावर चढवून, कच्चे धागे काढत काढत, खरा बाणा (आडवा धागा) विणत जायचा. यात ताण्याचा एखादा धागा केसभर वर-खाली सरकतोच. म्हणून कड पुसट दिसते. ती पुसट कड म्हणजे धागे आधी रंगवल्याची खूण. आपल्याकडे गुजरातच्या पटोळ्याचं तत्त्व हेच, फक्त तिथे ताणा आणि बाणा दोन्ही आधी रंगवतात.

मेइसेन हे काही राजवाड्यातलं कापड नव्हतं. जपान तेव्हा चांगलं कच्चं रेशीम परदेशात विकत असे. विकायला न चालणाऱ्या जाड्याभरड्या, गाठींच्या रेशमापासून चिचिबू, इसेसाकी अशा गावांत हे कापड विणू लागले. स्वस्त, टिकाऊ आणि डिझाइन मात्र एकदम धीट! १९२० आणि १९३० च्या दशकांत साध्या घरातल्या बायकांनी ते भरपूर वापरलं. पुढे पाश्चात्त्य कपडे आले आणि १९५०-६० नंतर ते मागे पडलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट सेन्सेईंनी शेवटी दाखवली. त्यांनी बाहीचं अस्तर जिथे सुटलं होतं तिथून कापड उलटं केलं. आतली बाजू बाहेरच्या इतकीच रंगीत, उलट जास्तच ताजी! धागा आरपार रंगलेला असल्यामुळे कापडाला उलट-सुलट नव्हतीच. वरची बाजू उन्हाने फिकी पडली की किमोनो उसवायचा, कापड पालटायचं आणि पुन्हा शिवायचा. म्हणजे नक्षी, धागा आणि शिवण, तिघांनी मिळून एकच विचार केलेला.

आधी शिवायचं, मग उसवायचं

सगळे किमोनो असे नसतात, हेही सांगायला हवं. ज्यावर सारस, पाइनची झाडं, लाटा असं चित्रच्या चित्र काढलेलं असतं ते बहुधा 'यूझेन' पद्धतीने रंगवलेले असतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतोमध्ये पंख्यांवर चित्रं काढणारे मियाझाकी यूझेनसाइ यांच्या नावावरून हे नाव पडलं. भाताच्या चिकट पिठाची बारीक रेघ ओढून चित्राची कड बांधायची आणि आत रंग भरायचा. पिठामुळे एक रंग दुसऱ्यात पसरत नाही. मग वाफ देऊन रंग पक्का करायचा आणि पीठ धुऊन टाकायचं. कच्चं रेखाटन ज्या निळ्या रंगाने करतात, तो आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या केन्याच्या कुळातल्या एका फुलाचा असतो. पाणी लागलं की तो निघून जातो. निसर्गाची खोडता येणारी पेन्सिल!

पण चित्र तर शिवणींवरून सलग गेलेलं असतं. तुकडे वेगळे असताना ते जुळतं कसं? तर आधी कोरं पांढरं कापड कच्चं शिवून किमोनो तयार करतात, त्यावर रेखाटन करतात, मग तो उसवून सपाट पट्ट्या रंगवतात आणि शेवटी पक्का शिवतात. आमच्या असेम्ब्ली ड्रॉइंगमध्ये आणि यात मला तरी फारसा फरक दिसला नाही.

आजीच्या पदराची उलटी बाजू

त्या संध्याकाळी घरी गेले आणि ट्रंक उघडली. आत्तापर्यंत मी ती पैठणी फक्त 'मटेरियल' म्हणून बघितली होती, किती मीटर निघेल एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा पदर पूर्ण पसरला. आणि पहिलं काम काय केलं, तर तो उलटा केला.

मोर दोन्हीकडे सारखेच! मागे ना लोंबणारे धागे, ना गाठींचा गुंता. फक्त मोरांची तोंडं उलट दिशेला.

असं कसं होतं ते मग शोधून काढलं. पैठणीच्या पदरात आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जात नाही. मोराच्या हिरव्यासाठी वेगळी कांडी, चोचीच्या लालसाठी वेगळी, मागच्या जरीसाठी वेगळी. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो आणि तिथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून परत फिरतो. विणकर ताण्याचे धागे मोजत, ओळीमागून ओळ, हे हाताने करतो. म्हणून साध्या पैठणीला काही आठवडे आणि भरलेल्या पदराच्या पैठणीला कित्येक महिने लागतात. काठ आणि अंग वेगळ्या रंगाचे असतील तर दोन काठांना दोन आणि अंगाला एक, असे तीन धोटे लागतात आणि तिथेही धागे एकमेकांत गुंतवतात. याला 'कडियाल' म्हणतात. मूळ गाव गोदाकाठचं पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. नाशिक जिल्ह्यातलं येवला हे आज सगळ्यात मोठं केंद्र. २०१० साली पैठणीला जी.आय. म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

आता एक प्रॅक्टिकल टिप. दुकानात 'पैठणी' म्हणून दाखवतात त्यातल्या बऱ्याच साड्यांवर नक्षी जॅकार्डने चढवलेली असते. ओळखायचं कसं? पदर उलटा करा. मागे एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत मोकळे धागे धावत असतील, किंवा ते कापून टाकलेले दिसत असतील, तर ती जॅकार्डची. दोन्हीकडे नक्षी सारखीच स्वच्छ असेल तर हाताची. जॅकार्डची साडी घेण्यात वाईट काही नाही, पण तिला हाताच्या पैठणीची किंमत मोजू नका!

जॅकार्डला मी नावं ठेवत नाहीये. १८०४ च्या सुमाराचा फ्रान्समधला तो माग म्हणजे पंचकार्डचा, पर्यायाने आपल्या कॉम्प्युटरचा पूर्वजच. क्योतोच्या निशिजिन या विणकर वस्तीने तो शिकण्यासाठी १८७२ साली तिघांना फ्रान्समधल्या लियाँ शहरात पाठवलं. दोघे यंत्र घेऊन परतले. तिसरा, योशिदा चूशिची, १८७४ साली परतताना जपानच्या किनाऱ्याजवळच जहाज बुडून गेला. एवढी किंमत मोजून यंत्र आणलं, तरीही निशिजिनमध्ये 'त्सुझुरे' हे हाताचं विणकाम टिकून राहिलं. त्यातही आपल्या पैठणीसारखाच प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीतून परत फिरतो. ते विणकर बोटांच्या नखांना करवतीसारखे दाते पाडतात आणि त्या नखांनी धागा ठोकून बसवतात!

तराजूत गेलेली पैठणी

मी पदर पसरून बसले होते तेव्हा आजी शेजारी येऊन टेकली. म्हणाली, "अशा दोन होत्या."

मला हे माहीतच नव्हतं. दोन्ही तिच्या आईच्या. १९७२ च्या दुष्काळात ती नगर जिल्ह्यात सासरी होती. विहीर आटलेली, घरात धान्य नाही, माझा मोठा काका तान्हा. तेव्हा जुनी जर विकत घेणारा एक माणूस दारावर यायचा. जुन्या पैठणीची जर चांदीची, वर सोन्याचा मुलामा. कापड जाळलं की चांदी उरते. आजीने एक पैठणी त्याला दिली.

"किती पैसे दिले?" मी विचारलं.

"ते नाही आठवत. पण त्याने ती उलगडलीसुद्धा नाही बघ. घडी होती तशी तराजूत टाकली. त्याला मोर दिसतच नव्हते, चांदी तेवढी दिसत होती." मग थोडं थांबून म्हणाली, "त्याचं काय चुकलं? त्याचा धंदाच होता तो."

पुढचं ती काही बोलली नाही, पण मला कळायचं ते कळलं. त्याने तोळ्यात मोजली आणि मी मीटरमध्ये. उलगडून तर मीही बघितली नव्हती.

घडी का विरते?

मेकॅनिकलवाल्यांसाठी याचं उत्तर सोपं आहे - फटीग! एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घडी राहिली की त्या रेषेवरचं रेशीम मोडतं, आणि जरीची तार कडक असल्यामुळे ते आणखी लवकर तुटतं. त्यात आमच्या मावळातला पाऊस आणि दमट हवा. म्हणून :

१) दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला.
२) प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा.
३) डांबराच्या गोळ्या आणि सेंट जरीला थेट लागू देऊ नका, जर काळी पडते.
४) पाऊस संपल्यावर सावलीत वारा द्या, थेट उन्हात नको.

जपानमध्येही किमोनो कागदी वेष्टनात घालून 'किरी' नावाच्या हलक्या लाकडाच्या कपाटात ठेवतात आणि कोरड्या हवेत बाहेर काढून वारा देतात. आजी दसऱ्यानंतर ट्रंक उघडते तेही हेच. तिला कुणी मॅन्युअल दिलं नव्हतं.

मग जॅकेटचं काय झालं?

मी आजीला म्हटलं, "आता मी ही कापणारच नाही. तशीच जपून ठेवू."

मला वाटलं ती खूश होईल. तर म्हणाली, "ठेवून काय करतेस? ट्रंकेत विरायला? कापायचं तर काप, पण वेडंवाकडं कापू नको. धागा काढून काप."

धागा काढून म्हणजे काय, ते तिने दाखवलं. जिथे कापायचं तिथला एक आडवा धागा सुईने उचलून हळूच ओढून काढायचा. कापडात बारीक सरळ रेघ उमटते. त्या रेघेवरून कात्री चालवायची. कापड एका धाग्यानेही तिरकं जात नाही. मला एकदम त्या किमोनोचे आठ तुकडे आठवले. आजीने जपान पाहिलेलं नाही, आणि त्या जपानी घरमालकीण आजींनी बेगडेवाडी पाहिलेली नाही!

पदर धडधाकट होता. काठही बरेचसे चांगले होते. विरलं होतं ते अंग. आजीच्या सांगण्याप्रमाणे मी धागा ओढला, तिने चष्मा लावून तपासला आणि पहिली कात्री तिनेच चालवली. पदर आणि काठ आता नव्या रेशमी अंगाला जोडायचे आहेत. आमच्या शिंपीकाकांनी सांगितलं की जुन्या पैठण्यांचं असं पूर्वीपासून करतात. अंगातला जो भाग घड्यांच्या मधे शाबूत होता, त्यातून ताईच्या बाळाची कुंची झाली. उरलेल्या पट्ट्या मी सुती कापडात गुंडाळून ठेवल्या आहेत. सरळ आहेत, कशालाही जोडता येतील.

ट्रॅडिशनल डेला मी आईची साधी इरकल नेसून गेले. "किमोनो जॅकेट कुठाय?" असं सगळ्यांनी विचारलं, मी थोडी वैतागलेही. पण पुढच्या शनिवारी कुंचीचा फोटो सेन्सेईंना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "आतल्या बाजूचा फोटो काढला नाहीस?"

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या सुट्टीत घरी गेलात तर आजीची, आईची एखादी जुनी साडी काढा. सेल्फी नंतर काढा. आधी ती पूर्ण उलगडा, उलटी करून बघा आणि ती कुठून आली ते शेजारी बसून विचारा.

- टी. ई. (मेकॅनिकल)